भांडण दोघांचे, शीर मुलाचे

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून जाणारा भाविक गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन खाली उतरतो, परंतु त्या नावाचा अर्थ त्याच्या मनात क्वचितच उतरतो. गिरिजात्मज म्हणजे गिरिजेचा मुलगा. अष्टविनायकांपैकी आईच्या नावाने ओळखला जाणारा हा एकच गणपती. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या तीस लेण्यांपैकी सातव्या लेण्यात तो बसला आहे. पुत्रप्राप्तीसाठी पार्वतीने येथेच तप केले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. पुढची कथा घराघरांत ठाऊक आहे. आईने मुलाला दाराशी उभे केले आणि कोणालाही आत सोडू नकोस म्हणून सांगितले. बाप आला. मुलाने आईची आज्ञा पाळली आणि बापाने त्याचे शीर उडवले.

आम्ही पुराणांचे भक्त नाही. परंतु लोककथेत समाजाचा अनुभव साठलेला असतो, तो नाकारण्याचे कारण नाही. या कथेतला अनुभव सरळ आहे. आईबापांच्या अधिकारांची टक्कर होते तेव्हा दाराशी उभे असते ते मूल, आणि मान जाते ती त्याचीच. पुराणात निदान हत्तीचे शीर तरी मिळाले. आपल्या गावांत तेवढीही सोय नाही.

या कथेची आठवण होण्याचे कारण आजचे आहे. नवराबायको वेगळी झाली आहेत, मूल एकाकडे राहते आणि ठरलेल्या दिवशी दुसऱ्याकडे जाते. त्या भेटीत त्याच्या हातात दिला जाणारा मोबाईल, त्यावर त्याला दाखवली जाणारी अश्लील चित्रफीत, त्याच्या आईची खाजगी छायाचित्रे, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे संदेश, हा तो विषय होय. विषय ओंगळ आहे, म्हणून आपल्या सभांतून तो निघत नाही. निघालाच, तर ‘हा शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न आहे’ असे म्हणून बाजूला सारला जातो. हा लेख त्या बाजूला सारण्याविरुद्ध आहे.

एक उदाहरण कल्पू. लेण्याद्रीच्या पायथ्याला, गोळेगावात, एक बाई हारफुलांचे दुकान मांडते. नवरा भोसरीच्या कारखान्यात कामाला. दोघांची फारकत झालेली. मुलगा नऊ वर्षांचा, आईजवळ राहतो. न्यायालयाच्या हुकुमाप्रमाणे महिन्यातून दोन शनिवारी बाप जुन्नरच्या एसटी स्टँडवरून त्याला घेऊन जातो आणि रविवारी संध्याकाळी परत आणून सोडतो. काही महिन्यांनी मुलगा रात्री दचकून उठू लागतो. शाळेत असे शब्द बोलतो, की बाई त्याला वर्गाबाहेर उभे करतात. एके दिवशी तो आईला विचारतो, की बाबांच्या मोबाईलमध्ये आहे ती बाई तूच का? आईच्या पायाखालची जमीन सरकते.

ती पोलिसांत जाते. तेथे सांगतात, ‘घरचे भांडण आहे, कोर्टात मिटवा.’ वकिलाकडे जाते. तो म्हणतो, ‘सूड उगवताय असे दिसेल, पुरावा काय?’ भावकीकडे जाते. भावकी म्हणते, ‘बाप आहे तो. पोराला आज ना उद्या कळायचेच होते.’ शेवटी ती आपल्या कार्यकर्त्याकडे येते. तो मनाने चांगला आहे. तो म्हणतो, ‘ताई, कांद्याचा मोर्चा होऊ दे, मग बघू.’

ही बाई आम्ही कल्पिली आहे. परंतु ही चार उत्तरे कल्पिलेली नाहीत, हे वाचणाऱ्याला सांगावे लागू नये. आपण ती ऐकली आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांतले एखादे दिलेही आहे. तेव्हा या उत्तरांचा समाचार घेतला पाहिजे, आणि सुरुवात आपल्यापासून केली पाहिजे.

हा प्रश्न मध्यमवर्गीय आहे काय? जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली, पुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथे गेली. नवरा खोलीवर, बायको गावात, मूल दोघांच्या मध्ये, ही या भागातल्या श्रमिक कुटुंबाची जुनी रचना आहे. संसार मोडतो तेव्हा अंतराची ही रचना तशीच राहते, फक्त तिच्यातला विश्वास जातो. पुण्यातला सुखवस्तू माणूस अशा वेळी मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो, चांगला वकील करतो आणि कुटुंब न्यायालयातील समुपदेशकाच्या समोर मुलाची भेट घडवून आणण्याची मागणी करतो. फुले विकणाऱ्या बाईच्या मुलाची भेट एसटी स्टँडवर होते. प्रश्न एकच आहे. त्याच्यावरचा उपाय मात्र वर्गाप्रमाणे वाटला गेला आहे. याला मध्यमवर्गीय प्रश्न म्हणायचे, तर मग दवाखाना आणि शाळा यांनाही म्हणावे लागेल.

कुटुंब न्यायालयाचा कायदा १९८४ साली झाला. कौटुंबिक तंटे इतर दिवाणी दाव्यांसारखे चालवू नयेत, असे विधी आयोगाने १९७४ च्या आपल्या एकोणसाठाव्या अहवालात बजावले होते, आणि स्त्रियांच्या संघटनांनी त्यासाठी रान उठवले होते. परंतु त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने असे न्यायालय स्थापणे राज्य सरकारला बंधनकारक केले, ते दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरते. उरलेल्या मुलुखात ते सरकारच्या मर्जीवर सोपवले. दहा लाखांखालच्या वस्तीत संसार मोडत नाहीत, की तेथल्या मुलांना मन नसते? पुण्याचे कुटुंब न्यायालय लेण्याद्रीहून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. रोजंदारी बुडवून तेथपर्यंत जाणे ज्या बाईला परवडत नाही, तिच्यासाठी त्या न्यायालयातील समुपदेशक असून नसल्यासारखेच आहेत.

आता ‘घरचे भांडण’ या उत्तराकडे वळू. मुलाला अश्लील चित्रफीत दाखवणे हे घरचे भांडण नव्हे, तो गुन्हा आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सर्वजण ‘पोक्सो’ म्हणतात, तो २०१२ साली झाला. लैंगिक हेतूने मुलाला कोणत्याही माध्यमातून असे साहित्य दाखवणे हा त्याच्या अकराव्या कलमाखाली लैंगिक छळ ठरतो, आणि बाराव्या कलमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. दाखवणारा बाप असेल तर त्याला सूट, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. हेतूवरून वाद घातला जाईल. तो पुराव्यावरून न्यायालयाने ठरवायचा आहे, ठाण्यातल्या हवालदाराने नव्हे. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९५ व्या कलमाने मुलाला अश्लील वस्तू दाखवणे किंवा पोचवणे हाच गुन्हा ठरवला आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मानसिक यातना होतील असे वागवणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो.

आणि आता आपल्या कार्यकर्त्याने कान देऊन ऐकावे. पोक्सोच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास एकविसाव्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘मोर्चा होऊ दे, मग बघू’ हे उत्तर केवळ असंवेदनशील नाही, ते बेकायदेशीरही ठरू शकते. भावकीने बसून अशा गोष्टीवर पडदा टाकणे हेही त्यातच आले.

‘बाई सूड उगवते आहे’ हा तिसरा आक्षेप. यात तथ्याचा काहीच अंश नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोडलेल्या संसारात तक्रार हे हत्यार म्हणून वापरले जाते, मुलाला पढवले जाते, आणि हे करणारी कधी आईही असते. आई मुलासमोर बापाचे कोर्टातले कागद वाचते, त्याच्या नव्या संसाराची छायाचित्रे दाखवून शिव्याशाप देते, हेही घडते. मुलाच्या मनावर ओरखडा काढण्याचा अधिकार आईपणाने मिळत नाही. परंतु काही तक्रारी खोट्या असतात, म्हणून एकही तपासायची नाही, हा कोठला न्याय? सातबाराच्या उताऱ्यात खोटी नोंद होते, म्हणून आपण तलाठ्याचे दफ्तर बंद करा असे म्हणत नाही. दफ्तर नीट तपासा असे म्हणतो. मुलाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा प्रशिक्षित माणूस तालुक्यात असेल तर खरेखोटे बरेच लवकर कळेल. तो माणूस नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्या अभावी बराच गोंधळ होतो. अश्लील साहित्य मुलाला दाखवणे हा मुलाविरुद्धचा गुन्हा आहे. आईची खाजगी छायाचित्रे तिच्या संमतीवाचून पसरवणे हा तिच्याविरुद्धचाही गुन्हा आहे. कोर्टाचे कागद, निंदेचे संदेश, दुसऱ्या पालकाविषयीचे विष, हे बहुधा फौजदारी गुन्ह्यात बसत नाही. मात्र मुलाच्या ताब्याचा आणि भेटीचा विचार करताना न्यायालयापुढे ते मांडता येते. सगळ्यांना एकाच मापाने मोजले, तर खरा गुन्हा सुटतो आणि रागाचे शब्द तुरुंगात जातात.

चौथे उत्तर सर्वांत जुने आणि सर्वांत घट्ट आहे. ‘बाप आहे तो.’ या तीन शब्दांत आपल्या समाजाचे सारे मालमत्ताशास्त्र सामावले आहे. जमीन बापाची, घर बापाचे, तसे मूलही बापाचे. आई ही फार तर त्याची राखणदार. ही भावना केवळ भावकीच्या ओट्यावर नाही, ती कायद्याच्या पुस्तकात आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक प्रथम बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम लावलेला आहे. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ एवढा संकुचित नाही, त्याच्या अनुपस्थितीत असा आहे, असे सांगून कलम वाचवले. शब्द मात्र तसाच राहिला. त्याच अधिनियमाचे तेरावे कलम मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते, आणि मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत की खेळणी नव्हेत, हे त्याच न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे.

मालमत्तेच्या प्रश्नावर आपण समाजवादी मंडळी एरवी किती मुखर असतो! जमीन कसणाऱ्याची, हे आपण गावोगाव सांगितले. मग मूल कोणाचे, या प्रश्नावर आपली वाचा का बसते? मूल बापाचे नाही हे खरे, पण ते आईचेही नाही. ते स्वतःचे आहे. त्याचा सांभाळ हे आईबापांवरचे कर्तव्य आहे. तो त्यांचा हक्क नव्हे. ही भूमिका घेतली, की भेटीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. बापाला मूल भेटवायचे ते बापाच्या समाधानासाठी नव्हे, मुलाला बाप हवा असतो म्हणून. त्याच कारणासाठी, भेटीत मुलाला इजा होत असेल तर ती भेट थांबवायची किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली घडवायची. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने हे दोन्ही सांगितले आहे. विभक्त आईबापांच्या मुलाला दोघांशीही संबंध ठेवण्याचा हक्क तिच्या नवव्या अनुच्छेदात आहे, मात्र मुलाचे हित आड येत नसेल तरच. आणि घातक साहित्यापासून मुलांचे रक्षण व्हावे म्हणून मार्गदर्शक नियम करावेत, असे सतराव्यात आहे. भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली. तेव्हा बाप कायमचा तोडणे हा आमचा आग्रह नाही. बापाने माणसासारखे वागून मुलाचा बाप राहावे, हा आग्रह आहे.

आता पाचवे एक उत्तर उरते, आणि ते अलीकडे फार लोकप्रिय आहे. ‘सगळा दोष मोबाईलचा. तोच बंद करा.’ सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि दूरदर्शनसंच बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. मुलांचा अभ्यास व्हावा हा त्यामागचा हेतू चांगला होता, आणि गावाने मिळून काही ठरवले याचे कौतुकही आहे. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीचा ठराव केला. परंतु आपल्या प्रश्नावर हा उपाय कसा लागू पडणार? गोळेगावच्या मुलाने मोबाईल चोरून पाहिलेला नाही. तो त्याच्या हातात बापाने दिला आहे. भोंगा वाजेल तो मुलासाठी, आणि अपराध आहे तो मोठ्या माणसाचा. मुलावर बंदी घालून मोठ्यांना मोकळे सोडणे ही आपल्या संस्कृतिरक्षकांची जुनी खोड आहे.

याच संस्कृतिरक्षकांच्या दबावाखाली महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, आणि अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली ज्यांची वकिली डॉ. आंबेडकरांनी केली, त्या राज्यात ऐंशी वर्षांनंतर हे घडले. परिणाम काय झाला? शरीराविषयीचे शब्द ज्याला शाळेने दिले नाहीत, ते त्याला बाजाराने दिले. बापाने दाखवले ते चूक आहे, हे कोणाला सांगावे आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हे त्या मुलाला कळत नाही. कारण नीट शब्दच त्याच्याजवळ नाहीत. ज्ञान आणि अश्लीलता यांतला फरक आपण मुलांना शिकवला नाही, म्हणून आता दोन्हींपुढे ते सारखेच निःशब्द आहे.

मग करायचे काय? निषेधाचा ठराव करून घरी जाण्याइतका हा प्रश्न सोपा नाही, आणि हात टेकावेत इतका अवघडही नाही.

पहिली गोष्ट, दाद मागण्याची जागा जवळ आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचा अर्ज जुन्नरच्याच दंडाधिकाऱ्यापुढे करता येतो. त्याच्या एकविसाव्या कलमाखाली मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो, आणि बापाची भेट मुलाच्या हिताला घातक आहे असे दंडाधिकाऱ्याचे मत झाले तर ती नाकारणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ज्या न्यायालयाने भेटीचे दिवस ठरवून दिले, तेही मुलाच्या हितासाठी आपला हुकूम बदलू शकते. भेट कोठे, कोणासमोर, किती वेळ, मोबाईल हातात द्यायचा की नाही, या अटी मागता येतात. त्या मागाव्या लागतात, आपोआप मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, पुराव्याची. ती चित्रफीत कोणी ‘बघा हो काय दाखवले’ म्हणून चार जणांना पाठवू नये. तसे केल्याने पाठवणाराच गुन्हेगार ठरेल. चित्रफितीत लहान मुले असतील तर ती नुसती जवळ बाळगणेही अपराध ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात बजावले आहे. दिवस, वेळ आणि मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहावे, संदेश मूळ फोनवर असतील तसे ठेवावेत, आणि विलंब न लावता पोलिसांत किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. त्याचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या जागी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा आणि गणवेशात घेऊ नये, असे पोक्सोच्या चोविसाव्या कलमात लिहिले आहे. त्याचे नाव गावभर होता कामा नये, हेही कायदाच सांगतो.

तिसरी गोष्ट, समितीची. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील गाव बाल संरक्षण समिती सरकारी योजनेत आहे. आपल्या गावात ती शेवटची कधी बसली, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. उसाच्या फडात बिबट्या दिसला की जुन्नरचा माणूस वनखात्याला कळवतो, पिंजरा मागतो, पिंजरा आला नाही तर रस्ता अडवतो. त्या माणसाला संघटित होणे शिकवावे लागत नाही. संध्याकाळी दार लावून मुलाला बिबट्यापासून वाचवणाऱ्या या गावांनी दाराच्या आतल्या धोक्याबद्दलही तितकेच जागे व्हावे, एवढेच मागणे आहे.

चौथी गोष्ट, मागणीची. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात आठवड्यातून निदान एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसला पाहिजे, आणि मुलांच्या भेटीसाठी एक खोली असली पाहिजे. एक खोली, चार खुर्च्या, थोडी खेळणी आणि एक समजूतदार माणूस. यासाठी सरकारकडे पैसा नाही, हे कोणी आम्हाला सांगू नये.

शेजारच्या संगमनेरात १९८० च्या दशकात समता आंदोलनाने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हाही तो घरचा प्रश्न आहे असेच म्हटले जात होते. टाकलेली बाई हा राजकीय प्रश्न आहे, हे तेव्हा चळवळीने सिद्ध केले. तिच्या पदराला धरून उभे असलेले मूल मात्र आपल्या ठरावांत आले नाही. आपण बाईचा पोटगीचा हक्क लढवला, तिचा घरातला हिस्सा लढवला, आणि मुलाचा हिशेब पोटगीच्या रकमेत धरून मोकळे झालो. ही आपली चूक होती. ती कबूल करण्यात कमीपणा नाही, ती चालू ठेवण्यात आहे.

साथींनो, कांद्याचा मोर्चा झालाच पाहिजे. परंतु मोर्चाच्या आदल्या दिवशी ती फुलवाली दाराशी आली, तर तिला ‘मग बघू’ म्हणू नका. तिच्याबरोबर ठाण्यात जा, तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठू नका, तिची प्रत तिच्या हातात द्या. त्या मुलाचे शीर अजून खांद्यावर आहे. उडाल्यानंतर दुसरे आणून बसवण्याची विद्या आपल्यापैकी कोणाजवळ नाही.